इष्टांक संपला म्हणजे नेमके काय संपले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिम विदर्भातल्या कोणत्याही गावात महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानासमोर उभे राहिले, तर तीन वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘इष्टांक संपला आहे.’ ‘मशीन अंगठा घेत नाही.’ ‘तुमचं धान्य बंद झालं, आता पैसे खात्यात येतात.’ तिन्हींचा घरच्या कोठीवर होणारा परिणाम एकच आहे, पण सरकारी कागदावर यातल्या एकालाही ‘कपात’ म्हटलेले नाही. तसे म्हटलेले नसल्यामुळे तिचा धनीही कुणी नाही. सत्तेतला कार्यकर्ता सांगतो, आम्ही तर फुकट केले. विरोधातला सांगतो, आमच्या वेळी मिळत होते. अर्धी चुंगडी (पोते) घेऊन परत निघालेल्या बाईला या दोन्हींचा काही उपयोग नाही. त्या चुंगडीत किती कमी झाले आणि कशामुळे, याचा हिशेब मांडण्यासाठी हे पत्र.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला, माणसे कितीही असोत, ३५ किलो. भाव गव्हाचा २ रुपये, तांदळाचा ३ रुपये. कोरोनात, एप्रिल २०२० पासून डिसेंबर २०२२ पर्यंत (डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ हे महिने सोडून), माणशी आणखी ५ किलो फुकट मिळत होते. १ जानेवारी २०२३ पासून कायद्याचे मूळ धान्य फुकट झाले आणि त्याच दिवसापासून वरचे ५ किलो थांबले. पाच माणसांच्या घरात महिन्याला ५० किलो येत होते ते २५ वर आले. माणशी ३ किलो तांदूळ आणि २ किलो गहू धरला, तर आधी २५ किलोसाठी ६५ रुपये मोजावे लागत. ते ६५ रुपये वाचले आणि २५ किलो धान्य गेले. तेवढेच धान्य गावच्या किराणा दुकानातून ३० रुपये किलोने आणायचे तर ७५० रुपये लागतात. जादा धान्य कोरोनापुरतेच जाहीर झाले होते, हे खरे आहे. पण ‘फुकट’ या एका शब्दाखाली घरात येणारे धान्य निम्मे झाल्याचे कुणी स्पष्ट सांगितले नाही.

कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरा. ५ किलोत त्याचे साडेबारा दिवस निघतात. उरलेले साडेसतरा दिवस मजुरीतून काढायचे असतात, आणि डवरणी-निंदण संपल्यापासून कापसाची पहिली वेचणी सुरू होईपर्यंत मजुरी नसते. हा काळ साधारण पोळ्याच्या आगेमागे येतो. रेशनमधला एक माणूस कमी झाला की सर्वांत जास्त तेव्हाच जाणवते.

आता इष्टांक. इष्टांक म्हणजे राज्याला, तिथून जिल्ह्याला, तालुक्याला वाटून दिलेली लाभार्थ्यांची कमाल संख्या. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी आले: ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के. ही टक्केवारी २०११ च्या जनगणनेवर लावलेली आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ मध्ये होणार आहे. २०११ नंतर जन्मलेली मुले आज शाळेत आहेत, तरी आकड्याचा पाया त्यांच्या जन्माआधीचा आहे. म्हणून तहसीलमध्ये अर्ज घेतला जातो, पोच मिळते, कार्डावर नावही चढते, आणि तरीही त्या नावाचे धान्य येत नाही. कार्डावर नाव असणे आणि त्या नावाचे ‘युनिट’, म्हणजे एका माणसाचा वाटा, धान्याला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक बहुतेकांना दुकानात गेल्यावरच कळतो.

यात सर्वांत वाईट अडकतात त्या नव्या सुना. लग्न झाले की माहेरच्या कार्डातून नाव कमी करून त्याचा दाखला घ्यायचा, लग्नाचा दाखला आणि नव्या नावाचे आधार जोडायचे आणि सासरच्या तहसीलमध्ये नाव वाढवण्याचा अर्ज द्यायचा, हा रस्ता आहे. माहेरची कपात ताबडतोब होते, कारण कमी करायला इष्टांक लागत नाही. सासरी वाढ होत नाही, कारण वाढवायला इष्टांक लागतो. मधल्या काळात ती मुलगी दोन्ही घरांच्या धान्यातून बाहेर असते, आणि हा मधला काळ दोन-दोन, तीन-तीन वर्षांचाही असू शकतो. पुढे बाळ झाले की तेही तिच्या मागे त्याच रांगेत उभे राहते. गरोदरपणाची आणि अंगावर पाजण्याची वर्षे नेमकी हीच. म्हणून माहेरचा दाखला काढण्याआधी सासरच्या तालुक्यात इष्टांक शिल्लक आहे का, हे पुरवठा शाखेत लेखी विचारून घ्यावे. सरकारने तर कमी करणे आणि वाढवणे एकाच अर्जात आणि एकाच दिवशी केले पाहिजे. दोन्ही नोंदी एकाच ऑनलाइन प्रणालीत होतात, त्यामुळे त्यात अशक्य असे काही नाही.

दुसरी मर्यादा उत्पन्नाची. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० रुपये, शहरात ५९,०००. ही २०१३ सालची आहे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये रोज. एका माणसाने १४१ दिवस काम केले की जवळजवळ ४४,००० होतात. नवरा-बायकोने प्रत्येकी ७१ दिवस काम केले तर मर्यादा ओलांडली. म्हणजे वर्षातले अडीच महिने दोघांनी काम करणारे घर कागदावर अपात्र ठरू शकते. आज गावातली बहुतेक प्राधान्य कार्डे या नियमाने केव्हाही बंद करता येतील अशी आहेत. कुणाचे कार्ड तपासायचे हे तपासणाऱ्याच्या हातात राहते, आणि एवढी सत्ता कुणाच्याच हातात असू नये, मग तो कोणत्याही राजवटीतला असो.

ई-केवायसीबद्दल सविस्तर लिहिणे गरजेचे आहे, कारण सध्या सर्वाधिक नावे इथे अडकतात. कार्डातल्या प्रत्येक माणसाने आधारशी पडताळणी करायची, एकाने सर्वांसाठी केलेली चालत नाही. ती राज्यातल्या कोणत्याही स्वस्त धान्य दुकानात होते. ‘मेरा ई-केवायसी’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अॅप टाकली तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही होते. राज्य निवडायचे, आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या नंबरावर आलेला ओटीपी टाकायचा आणि कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायची. झाले की स्थितीच्या रकान्यात ‘वाय’ हे अक्षर दिसते. ते प्रत्येक नावासमोर स्वतः पाहून घ्यावे, ‘झालं’ या तोंडी उत्तरावर विसंबू नये.

अडते कुठे? वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना रोज टोचतात. सोयाबीन सोंगताना शेंगांनी कातडी सोलते. वीटभट्टीवर मातीने आणि विटांच्या घासण्याने बोटांवरच्या रेषाच जातात. मशीन रेषा वाचते. रेषा नसतील तर ती ‘जुळत नाही’ एवढेच सांगते, माणूस खोटा आहे असे ती म्हणत नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या सर्वांसमोर चौथ्यांदा अंगठा नाकारला गेला की म्हाताऱ्या माणसाला तेच वाटते. अशा वेळी हात कोमट पाण्याने साबण लावून धुवावे, कोरडे पुसावे, तेल लावू नये. बोटाचे टोक टेकवण्यापेक्षा पेर पूर्ण सपाट ठेवावे. अंगठ्याचा हट्ट धरू नये, दहाही बोटे चालतात. कोणते बोट चांगले उमटते हे शोधण्याची सोय यंत्रणेत आहे. तेही जमले नाही तर डोळ्याच्या बुबुळाची पडताळणी आहे, त्यासाठीचे यंत्र दुकानात आहे का ते विचारावे. मोतीबिंदू असलेल्यांना तिथेही त्रास होतो. अंथरुणाला खिळलेल्या आणि अपंग माणसांसाठी दुसरी व्यक्ती नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. तिचा अर्ज पुरवठा शाखेत द्यावा आणि पोच घ्यावी.

मुलांचे कारण वेगळे आहे. वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी आधारमधले ठसे नव्याने द्यावे लागतात. त्या वेळी ते विनाशुल्क होते. पाळण्यात असताना काढलेल्या आधारमध्ये ठसे नसतातच, म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलाचे बोट दुकानातल्या मशीनवर कितीही वेळा दाबले तरी जुळणार नाही. दोष मशीनचा नाही आणि दुकानदाराचाही नाही. आधी आधार केंद्रावर ठसे, मग काही दिवसांनी दुकानात ई-केवायसी, हा क्रम आहे. आधार केंद्र तालुक्याला, दुकान गावात. दोन फेऱ्या म्हणजे आईच्या दोन मजुऱ्या बुडतात आणि एसटीचे भाडे वेगळे. मेळघाटातली धारणीच्या वरची गावे, गडचिरोलीतले एटापल्ली, भामरागड इथे रेंजचाही प्रश्न आहे. २०२४ च्या पावसाळ्यात सर्व्हर बंद पडला, तेव्हा राज्यभर ऑफलाइन वाटपाला परवानगी द्यावी लागली होती. राज्यासाठी जे एकदा करता आले, ते रेंज नसलेल्या गावांसाठी कायम करता येईल.

केंद्राने २२ जुलै २०२५ च्या दुरुस्ती आदेशात आणखी एक गोष्ट आणली. ज्या कार्डावर सहा महिने उचल नाही, ते तात्पुरते निष्क्रिय करायचे आणि तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी करायची. दिल्लीत बसून हा नियम वाजवी वाटेल. विदर्भात बघा: दिवाळी आणि मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) आटोपली की वीटभट्टीची माणसे निघतात आणि मृगाच्या आधी परततात. हा काळ जवळजवळ सहा महिन्यांचाच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडची माणसे जानेवारीपासून तेलंगणात मिरची तोडायला जातात. मेळघाटातली कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन जिल्ह्याबाहेर कामाला जातात. घराला कुलूप असताना पडताळणीला माणूस आला, तर तो ‘आढळून आले नाही’ एवढेच लिहील. यावर आज हातात असलेला उपाय एकच आहे. एक देश एक रेशनकार्ड योजनेखाली जिथे काम आहे तिथल्या दुकानात बारा अंकी आरसी (रेशनकार्ड) नंबर किंवा आधार सांगून उचल करावी. पूर्ण धान्य घेतलेच पाहिजे असे नाही. थोडे तिकडे, उरलेले गावात, असे वाटून उचलता येते. सहा महिन्यांत एकदाही उचल दिसली तर कार्ड निष्क्रिय होत नाही. हे निघण्याआधीच सांगितले गेले पाहिजे. मुकादमाच्या गाडीत माणसे बसतात त्या दिवशी ग्रामपंचायतीने हा आरसी नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या हातात दिला, तरी पुष्कळ कार्डे वाचतील.

आता केशरी कार्डाचे, म्हणजे अन्नसुरक्षा यादीबाहेरचे, शेतकरी. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी, म्हणजे मराठवाड्यातले ८, अमरावती विभागातले ५ आणि नागपूर विभागातला एकटा वर्धा, २०१५ मध्ये योजना आली: केशरी कार्डाच्या शेतकऱ्यालाही माणशी ५ किलो, गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. २०२२ मध्ये कायद्याबाहेरच्या योजनांसाठी केंद्रीय गोदामातून धान्य मिळणे थांबले. २८ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले आणि ते जानेवारी २०२३ पासून लागू झाले. जून २०२४ मध्ये १७० झाले. १७० ला ५ ने भागले तर किलोला ३४ रुपये पडतात. आकडा पाहून कुणी म्हणेल, यात नुकसान काय? नुकसान तीन ठिकाणी आहे.

धान्य दर महिन्याला येत असे, पैसे दर महिन्याला येत नाहीत. दोन-चार महिन्यांचे एकदम पडतात, आणि तोवर किराणा दुकानात उधारी झालेली असते. उधारीचा गहू ३४ रुपयांना मिळत नाही. दुसरे, रक्कम ठरलेली आहे, बाजारभाव ठरलेला नाही. धान्याचा भाव वाढला तरी ५ किलोचे ५ किलोच राहत होते. तिसरे, पैसे खात्यात पोहोचायला जो कागद लागतो तिथेच पुष्कळ घरे गळाली. पैसे कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात जातात. पासबुकाच्या पहिल्या पानाची आणि रेशनकार्डाची प्रत अर्जासोबत द्यावी लागते. सासू वारली आणि कार्डावर प्रमुख तीच राहिली, पासबुकावर ‘बाई’ आहे आणि कार्डावर नाही, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन, यापैकी एक जरी झाले तरी पैसे परत जातात आणि परत गेल्याचे कुणी कळवत नाही. ग्रामीण बँका २०२५ मध्ये एकत्र झाल्या. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड आजही चालतो का, हे शाखेत विचारून पुरवठा शाखेतली नोंद तपासून घ्यावी. आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही तो केशरी कार्डाचा मजूर, सालदार, सुतार, न्हावी या योजनेत कधी नव्हताच. त्याला धान्यही नाही आणि पैसेही नाहीत.

वर्धा नदीच्या अलीकडे वणी यवतमाळ जिल्ह्यात आहे, पलीकडे वरोरा चंद्रपूर जिल्ह्यात. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तीच पऱ्हाटी, तेच सोयाबीन, तोच कर्जाचा बोजा. अलीकडच्या केशरी शेतकऱ्याला १७० रुपये मिळतात, पलीकडच्याला काही नाही. या रेषेचा पक्षाशी संबंध नाही, दोन्ही काठांवर सर्व पक्षांची माणसे राहतात.

बाकीच्या योजनांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. शिवभोजन थाळी महाविकास आघाडीच्या काळात २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. १० रुपयांत दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. पुढे चालकांची बिले महिनोन् महिने थकू लागली आणि तालुक्याच्या गावी बाजाराला किंवा तहसीलला आलेल्या मजुराचे जेवण अनिश्चित झाले. आनंदाचा शिधा महायुती सरकारने २०२२ च्या दिवाळीला आणला. १०० रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. २०२५ च्या गणपतीला तो मिळाला नाही. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे किंवा केळे देण्याचे नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरले. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंडी आणि साखरेचा निधी थांबला, हवे तर लोकसहभागातून करा असे शाळांना सांगितले गेले. ज्या गावात लोकांचेच कार्ड बंद पडते आहे, तिथे लोकसहभाग कुठून येणार? पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ मिळतो, तो मिळतोच आहे. गेले ते अंडे, आणि मुलांच्या वाढीला नेमके तेच हवे होते.

हे सारे एकत्र ठेवले की पक्षांच्या भांडणाचा फोलपणा दिसतो. कायदा एका आघाडीने केला, फुकट दुसरीने केले. थाळी एकाने आणली, शिधा दुसऱ्याने. केशरी शेतकऱ्याचे स्वस्त धान्य ज्यांनी सुरू केले त्यांच्याच भागीदारीतल्या सरकारात ते पैशांवर गेले. आणि प्रत्येक वेळी कमी झाले ते पंजावाल्याच्या घरात, कमळवाल्याच्या घरात, मशाल, धनुष्यबाण, घड्याळ आणि निळ्या झेंड्याच्या घरातही. निवडणुकीत एकमेकांच्या विरोधात मतदार यादी घेऊन बसलेले दोन बूथप्रमुख पाहावेत, पुष्कळदा दोघेही केशरी कार्डाचेच शेतकरी असतात. मशीनमध्ये जात, धर्म, पक्ष यांचा रकाना नाही. नाव गेले की ते कुणाचेही जाते. तरीही गावात एखाद्याचे कार्ड बंद झाले की पहिला तर्क ‘त्याने आम्हाला मत दिले नाही म्हणून’ किंवा ‘सरपंचाने कापले’ असाच होतो. त्या तर्कात महिना जातो, तक्रार राहून जाते आणि खरे कारण, बहुतेकदा मुलाच्या आधारातले ठसे किंवा संपलेला इष्टांक, कुणी शोधत नाही.

दुकानदाराबद्दलही बोलले पाहिजे. त्याचे कमिशन क्विंटलला १५० रुपये होते, ऑगस्ट २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने १७० झाले. महिन्याला ६० क्विंटल वाटणाऱ्याला १०,२०० रुपये. यातून वीज, हमाली, मापाड्या. तालुक्यातले एक-एक युनिट कमी झाले की त्याचेही उत्पन्न घटते. सर्वच राग त्याच्यावर काढून उपयोग नाही. मात्र पावती मागण्याचा हक्क सोडू नये. पॉस मशीनमधून निघालेल्या पावतीवर गहू किती, तांदूळ किती, किती माणसांचे, हे छापलेले असते. पावती २५ किलोची आणि वजन २४ भरले, तर भांडण त्या पावतीवर करावे.

‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये मिळतात, मग रेशनची तक्रार कशाला, असे आता सर्व बाजूंनी ऐकू येते. ती रक्कम २१ ते ६५ वयाच्या बाईला आहे. रेशन माणशी आहे: ७० वर्षांच्या सासूला, १० वर्षांच्या मुलाला आणि नवऱ्यालाही. शिवाय त्या योजनेत उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी पिवळे किंवा केशरी रेशनकार्डच चालते. कार्ड गेले की घराचा हा आधारही डळमळतो.

नाव गेल्याचे लक्षात आले तर काय करावे, हे सांगतो. राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर आरसी नंबर टाकला की कार्डातली नावे, प्रत्येकाची ई-केवायसीची स्थिती आणि त्या महिन्याची उचल दिसते. ते पान छापून घ्यावे. मग तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज: कार्ड क्रमांक, कोणाचे नाव, कोणत्या महिन्यापासून बंद, आणि ‘कारण लेखी द्यावे’ हे एक वाक्य. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये. १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच अर्जावर लिहावा. कायद्याच्या कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्यावर कलम १६ खाली राज्य अन्न आयोग. धान्य दिलेच नाही तर कलम ८ खाली अन्नसुरक्षा भत्ता लागतो. हमीभावाच्या सव्वा पटीतून रेशनची किंमत वजा करून तो निघतो. गव्हाचा २०२५-२६ चा हमीभाव २,४२५ रुपये, सव्वा पट ३,०३१, म्हणजे किलोला सुमारे ३० रुपये ३१ पैसे. त्या महिन्यात दुकानात गेल्याचे दाखवता आले पाहिजे, म्हणून मशीनने नाकारल्याची तारीख लिहून ठेवावी. आधार जुळत नाही म्हणून नाव कापू नये आणि धान्यही नाकारू नये, हे केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना कळवले आहे. त्या पत्राची तारीख अर्जात घालावी. अपात्र म्हणून काढलेल्या प्राप्तिकर किंवा चारचाकीवाल्यांच्या यादीत नाव आले असेल आणि कर शून्य असेल, कर्जासाठी नुसते विवरणपत्र भरले असेल, तर त्याची प्रत जोडून तसे लेखी द्यावे. गप्प राहिले की ते मान्य केल्यासारखे धरले जाते.

सर्व पक्षांच्या गावपातळीवरच्या माणसांना आमची विनंती एका कामापुरती आहे. कलम २९ प्रमाणे प्रत्येक दुकानासाठी दक्षता समिती असायला हवी. पुष्कळ गावांत ती फलकावर आहे, बैठक नाही. त्या समितीवर आपापली माणसे बसलेलीच आहेत, तर त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून तीन आकडे मागावेत: या महिन्यात किती युनिट कमी झाले, कोणत्या कारणाने, आणि त्यातून रिकामा झालेला इष्टांक याच तालुक्यातल्या प्रतीक्षेतल्या कुणाला दिला. मयत, दुबार आणि खरोखर सधन असलेल्यांची नावे निघावीत, याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण एक नाव निघाले की त्याच गावातली वाट पाहणारी एक सून किंवा एक बाळ आत आले पाहिजे. हा ताळेबंद आज कुठेही लावलेला दिसत नाही.

शासनाकडे मागणी अशी. नाव किंवा कार्ड बंद करण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस मराठीत, कारणासह, घरी द्यावी. स्थलांतरितांच्या गावांत पडताळणी जून ते ऑक्टोबर या काळातच करावी, माणसे तेव्हा घरी असतात. केशरी शेतकऱ्याचे पैसे दर महिन्याच्या १० तारखेच्या आत पडावेत आणि परत गेलेल्या खात्यांची यादी दुकानावर लावावी. ४४,००० ची मर्यादा आजच्या मजुरीच्या दराशी जोडावी. आणि कमी झालेल्या नावांची यादी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चारही ग्रामसभांत मोठ्याने वाचून दाखवावी, नावासमोरच्या कारणासकट. वाचताना गावातल्या प्रत्येक पक्षाचा एक माणूस पुढच्या रांगेत बसलेला असावा.

आपले,
रेशनकार्डांच्या कागदपत्रांचे काम करणारे कार्यकर्ते,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ